चेहरा अवताराने झाकला, पण घराचा पत्ता? मुलांच्या मोबाईलमधली बाहुली आणि आपली प्रायव्हसी

आपल्या नात्यातल्या मुलींचे डीपी एकदा सहज चाळून पाहा. कुणाचा गुलाब आहे, कुणाचा काबा शरीफचा फोटो आहे आणि बऱ्याच जणींची हिजाब घातलेली, चष्मा लावलेली, हसरी कार्टून बाहुली आहे. ही बाहुली म्हणजे अवतार. अम्मी-अब्बूंनाही त्यात दिलासा वाटतो. "स्वतःचा फोटो नाही ना टाकला, मग काय हरकत आहे?" असं म्हणून विषय संपतो.

आमचं म्हणणं असं की हा दिलासा अर्धाच खरा आहे. अवतारामुळे चेहरा अनोळखी माणसांपासून झाकला जातो, हे बरोबर. पण तो बनवताना चेहरा कुणी पाहिला, ती बाहुली नकाशावर कुठे उभी आहे आणि कॅमेऱ्याने घरातलं काय काय टिपलं, हे प्रश्न वेगळे आहेत. त्यांची उत्तरं अवतारात नाहीत, मोबाईलच्या सेटिंगमध्ये आहेत. ती सेटिंग बहुतेक घरांत कुणी उघडूनही पाहिलेली नसते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत.

अवतार आणि एआर म्हणजे काय?

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी. कॅमेऱ्यातून समोर दिसणाऱ्या खऱ्या जगावर मोबाईल एखादी खोटी वस्तू बसवतो, ते एआर. चेहऱ्यावर मांजरीचे कान लावणारा फिल्टर, दुकानात न जाता चष्म्याची फ्रेम लावून दाखवणारं ॲप, रिकाम्या कोपऱ्यात सोफा कसा दिसेल ते दाखवणारं ॲप, हे सगळं एआरच. डोळ्यांना मोठा हेडसेट लावून पूर्ण वेगळ्या दुनियेत नेतात, त्याला व्हीआर म्हणतात. दोन्हींत आपल्या जागी जी बाहुली वावरते, ती आपला अवतार.

यातलं काहीच आता नवं राहिलेलं नाही. स्नॅपचॅटने चेहऱ्यावरचे फिल्टर २०१५ मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी बिटमोजी ही बाहुली बनवणारी कंपनी विकत घेतली. फेसबुकचे अवतार भारतात २०२० च्या जूनअखेरीस आले, व्हॉट्सॲपवर ते डिसेंबर २०२२ मध्ये पोहोचले. म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलाला बाहुली आणि फिल्टर नसलेला मोबाईल आठवणारही नाही.

आपल्या मुली बाहुली का लावतात?

हौस हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. भारतातल्या अनेक स्त्रिया प्रोफाईलवर स्वतःचा चेहरा लावत नाहीत, कारण फोटोचं पुढे काय होईल याची त्यांना धास्ती असते, हे फेसबुकने स्वतः २०१७ मध्ये सांगितलं होतं. त्याच वर्षी प्रोफाईल फोटोला संरक्षण देणारी सोय कंपनीने सर्वांत आधी भारतात सुरू केली.

ही धास्ती खोटी नव्हती, हे आपल्या समाजाने पुढे फार कडवटपणे पाहिलं. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावाने ॲप निघाली. मुस्लिम स्त्रियांचे सोशल मीडियावर उघड असलेले फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. पत्रकार, वकील, वैमानिक, विद्यार्थिनी, कुणालाच सोडलं नाही. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने दुसऱ्या प्रकरणात अटक केली, तेव्हा आरोपींत शिकणारी तरुण मुलं निघाली. त्या दिवसांत कितीतरी घरांत मुलींनी आपले फोटो काढून टाकले. काही घरांत तर मुलींचे मोबाईलच काढून घेतले गेले. गुन्हा दुसऱ्यांनी केला, शिक्षा मुलींनी भोगली.

अशा वेळी हिजाबवाली बाहुली हा एक चांगला मार्ग ठरला. ग्रुपवर आपलं अस्तित्व राहतं, आपली ओळखही राहते आणि चेहरा कुणाच्या हाती लागत नाही. ही ओळखही आपोआप मिळालेली नाही. हिजाब घातलेल्या स्त्रीचा इमोजी २०१७ मध्ये आला, तो बर्लिनमध्ये राहणाऱ्या एका सौदी शाळकरी मुलीने प्रस्ताव पाठवल्यामुळे. म्हणून अवतार वापरणाऱ्या मुलीला आम्ही नावं ठेवणार नाही. उलट तिने उचललेलं पाऊल पूर्ण व्हावं, एवढंच सांगायचं आहे.

पडदा कुणापासून?

प्रायव्हसीचे दोन दरवाजे असतात. पहिला लोकांच्या बाजूचा: आपला फोटो, स्टोरी, लोकेशन कुणाला दिसतं? दुसरा कंपनीच्या बाजूचा: ॲप आपल्याकडून काय काय घेतं आणि ठेवतं? अवताराने पहिला दरवाजा बराचसा बंद होतो. दुसऱ्याला तो हातही लावत नाही.

कसं ते पाहा. अनेक ॲप अवतार बनवताना "सेल्फी काढा, आम्ही तुमच्यासारखी बाहुली बनवतो" असं सुचवतात. म्हणजे चेहरा झाकण्यासाठी आधी चेहरा दाखवायचा. फिल्टरचंही तसंच आहे. कान नेमके डोक्यावर बसावेत म्हणून ॲप चेहऱ्याची जाळी तयार करतं. गुगलच्या एका प्रसिद्ध तंत्रात या जाळीचे ४६८ बिंदू असतात. भुवई कुठे, ओठांची कड कुठे, हनुवटी किती वळली, हे सगळं त्यात क्षणाक्षणाला मोजलं जातं.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर विनाकारण भीती पसरते. "हे नाक आहे, हा डोळा आहे" हे ओळखणं वेगळं आणि "हा चेहरा अमुक बाईचा आहे" हे ओळखणं वेगळं. आपले फिल्टर फक्त पहिलं काम करतात, असं स्नॅपचॅटची कंपनी सांगते. तरीही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात तिच्यावर खटला झाला. तिथे २००८ पासून असा कायदा आहे की चेहरा, बोटांचे ठसे यांसारखी शरीराची मापं घेण्याआधी माणसाची लेखी परवानगी हवी. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीने इलिनॉय आणि टेक्सासमध्ये काही फिल्टर आणि अवतार बंद ठेवले आणि स्पष्ट परवानगी घेऊनच पुन्हा देऊ, असं सांगितलं. कायदा कडक असला की कंपन्यांना विचारावं लागतं, एवढं यातून नक्की दिसतं.

नकाशावर झोपलेली बाहुली

आमच्या मते आपल्या घरांसाठी सर्वांत मोठा धोका चेहऱ्याच्या जाळीचा नाही, नकाशाचा आहे.

स्नॅपचॅटमध्ये २०१७ पासून 'स्नॅप मॅप' आहे. यात आपली बाहुली नकाशावर, आपण असू त्या जागी दिसते. गाडीत असलो तर ती गाडीत बसते, बराच वेळ हालचाल नसली की झोपते. दिसायला गंमत आहे. पण मुलीची बाहुली रोज रात्री मिरजेतल्या किंवा महाडमधल्या एकाच गल्लीत झोपत असेल, तर घर कुठे ते सांगायला पत्ता लिहावा लागत नाही. सकाळी ती कॉलेजवर, संध्याकाळी क्लासवर, जुम्याला नानीकडे. चार दिवसांत पूर्ण वेळापत्रक समजतं. चेहरा कार्टूनचा असला तरी दरवाजा खराच असतो.

कंपनीच्या बाजूने सांगायचं तर हे लोकेशन आपण चालू केल्याशिवाय दिसत नाही आणि दिसलं तरी फक्त 'फ्रेंड्स'ना दिसतं. पण मुलांच्या भाषेत 'फ्रेंड' कोण? मैत्रिणीची मैत्रीण, गेममध्ये भेटलेला मुलगा, क्लासच्या ग्रुपमधून आलेली रिक्वेस्ट. दोनशे-तीनशे नावं सहज जमतात. एकदा सुरुवातीला "ओके" दाबलं की पुढे कुणी लक्षही देत नाही.

याला उपाय आहे आणि तो एका मिनिटाचा आहे. नकाशाच्या सेटिंगमध्ये 'घोस्ट मोड' चालू करा. बाहुली नकाशावरून गायब होते. तिथे तीन तास, चोवीस तास आणि "मी बंद करेपर्यंत" असे पर्याय येतात. शेवटचाच निवडा, नाहीतर उद्या बाहुली परत उभी राहील. त्यासोबत फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची लोकेशनची परवानगीही काढा. स्टोरी टाकताना ती सार्वजनिक नकाशावर जात नाही ना, हे मात्र वेगळं पाहावं लागतं. घोस्ट मोड त्याला अडवत नाही.

कॅमेरा घरात आला, इजाजत घेतली का?

कुणाच्या घरात शिरण्याआधी सलाम करून इजाजत घ्यावी, हे सूरह नूरमध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे लहान मुलांनाही ते शिकवलं जातं. एआर वापरताना हीच तालीम कामाला येते, कारण एआर चालण्यासाठी कॅमेऱ्याला खोली समजून घ्यावी लागते. सोफा जमिनीवर टेकलेला दिसावा म्हणून ॲप जमीन, भिंत, टेबल यांचा अंदाज घेतं. आपण फ्रेम लावून पाहत असतो, मागे दादी नमाज पढत असते, बहीण ओढणीशिवाय काम करत असते. फिल्टर आपल्या चेहऱ्यावर असतो, बाकीचे जसेच्या तसे दिसतात.

निकाहाच्या घरी, मेंदीच्या रात्री हे हमखास होतं. बायकांच्या खोलीत एक मुलगी हौसेने फिल्टर लावून व्हिडिओ काढते, मागे दहा जणी येतात. त्या दहा जणींना कुणी विचारलेलं नसतं. तिचा अवतार, तिची सेटिंग सगळं चोख असलं तरी त्या दहा जणींसाठी त्याचा उपयोग शून्य.

आता यात स्मार्ट चष्म्यांची भर पडली आहे. कॅमेरा असलेले रे-बॅन मेटा चष्मे भारतात मे २०२५ पासून मिळतात, सुरुवातीची किंमत होती २९,९०० रुपये. दिसायला साधा काळा गॉगल. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेमवर एक छोटा पांढरा दिवा लागतो, तेवढीच खूण. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच प्रकारचा चष्मा आणि इंटरनेटवर मिळणारी चेहरा शोधण्याची सेवा जोडून दाखवली. रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसाचं नाव आणि इतर माहिती त्यांना मोबाईलवर मिळू लागली. धोका लोकांना कळावा म्हणून त्यांनी हे केलं आणि आपला प्रोग्राम कुणाला दिला नाही. पण असं शोधता येतं ते इंटरनेटवर आधीच उघड असलेल्या फोटोंमुळे. म्हणून प्रोफाईलवर फोटोऐवजी अवतार ठेवण्याला आज जास्त अर्थ आहे.

हेडसेटबद्दलही थोडक्यात. आखातातून सुट्टीवर येणारे मामा-चाचा आता मुलांसाठी असले हेडसेट आणतात. त्यात चेहरा दिसत नाही, पण मान आणि हात कसे हलतात हे सतत नोंदलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त खेळाडूंची अशी नोंद तपासली. शंभर सेकंदांच्या हालचालीवरून नेमका खेळाडू कोण, हे ९४ टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ओळखता आलं. म्हणजे बाहुली कितीही बदलली तरी आपली ढब बदलत नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या पूर्ण करायला कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे.

मुलांसाठी यात चांगली तरतूद आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक जण कायद्याने मूल आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं, काही सवलती सोडल्या तर मना आहे. हे मोडलं तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण दोन गोष्टी इथे सुटतात आणि त्या आपल्याला माहीत हव्यात. एक, जी माहिती माणसाने स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. उघड प्रोफाईलवर स्वतः टाकलेला फोटो यात मोडतो. दोन, एखादी व्यक्ती खाजगी किंवा घरगुती कारणासाठी चित्रण करत असेल, तर तिलाही हा कायदा लागू नाही. मेंदीच्या रात्रीचा व्हिडिओ त्यात येतो. शिवाय चेहऱ्यासारख्या शारीरिक माहितीसाठी इलिनॉयसारखा वेगळा, जास्त कडक नियम या कायद्यात नाही.

याचा अर्थ फोटोचा गैरवापर करणारा मोकळा सुटतो असा नाही. चोरून खाजगी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पाठलाग करणं, त्यात ऑनलाईन पाळत ठेवणंही आलं, हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. पण ही दारं घटना घडून गेल्यावर उघडतात. आधीची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

घरी बसून काय करता येईल?

मुलांना सोबत घेऊन, त्यांच्याच हातून हे करून घ्या. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं आणि विश्वासाने सांगितलं तर ती ऐकतातही.

१. अवतार हाताने बनवा. चेहरा, केस, हिजाब, कपडे एकेक निवडण्याचा पर्याय असेल तर सेल्फी देऊ नका. अवतार हुबेहूब आपल्यासारखा असलाच पाहिजे असं नाही.

२. स्नॅप मॅपवर घोस्ट मोड लावा, "मी बंद करेपर्यंत" या पर्यायासह.

३. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, माईक आणि लोकेशन कुणाकुणाला दिलं आहे ते पाहा. "फक्त ॲप वापरताना" किंवा "दर वेळी विचारा" हे पर्याय ठेवा. लोकेशन द्यावंच लागत असेल तर नेमकं न देता अंदाजे द्या. नव्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये कॅमेरा चालू झाला की वर हिरवा ठिपका दिसतो. ही खूण लहान मुलांनाही शिकवा.

४. व्हॉट्सॲपवर प्रोफाईल फोटो "माझे कॉन्टॅक्ट" एवढ्यांनाच दिसेल असं करा. इन्स्टाग्रामचं अकाउंट प्रायव्हेट ठेवा.

५. फ्रेंड लिस्ट ईदच्या साफसफाईसारखी वर्षातून एकदा तरी झटका. ज्याला प्रत्यक्षात ओळखत नाही, त्याला काढा.

६. स्नॅपचॅटचं 'फॅमिली सेंटर' वापरता येतं. त्यात मुलाचे फ्रेंड कोण आणि गेल्या सात दिवसांत तो कुणाशी बोलला हे पालकांना दिसतं, मेसेज मात्र दिसत नाहीत. हे मुलाच्या संमतीनेच जोडलं जातं, आणि ते योग्यच आहे.

७. लग्नघरी आणि मजलिसमध्ये एक साधा नियम करा: बायकांच्या खोलीत विचारल्याशिवाय कॅमेरा नाही. चष्म्यालाही हाच नियम.

काही विपरीत घडलंच तर

सर्वांत आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. घाबरून सगळं डिलीट केलं तर पुरावाच जातो. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. स्त्रिया आणि मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. पैशाची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. खाजगी फोटो पसरवण्याची धमकी असेल, तर मोठ्या मुलींसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आणि १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' या मोफत सेवा आहेत. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही. आपल्या फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो रोखतात.

आणि शेवटी पालकांना एक विनंती. २०२२ च्या जानेवारीत ज्या मुलींचे मोबाईल काढून घेतले गेले, त्यांच्यापैकी अनेकींचे ऑनलाईन क्लास चालू होते, कुणाचा फॉर्म भरायचा राहिला होता. मोबाईल काढून घेतला की मुलगी सुरक्षित होत नाही, ती फक्त गप्प होते. पुढच्या वेळी काही झालं तर आपल्याला सांगायला येत नाही. तिच्या शेजारी बसा, घोस्ट मोड कुठे असतो ते तिलाच विचारा. आणि तिला हेही सांगून ठेवा की कुणी त्रास दिला, तर तिचा फोन तिच्याकडेच राहील आणि तक्रार द्यायला घरातलं कुणीतरी तिच्या सोबत येईल.